वेलांटी आधी, उच्चार नंतर

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, त्यामुळे एकदा बाराखडी आली की वाचता यायलाच हवे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. माझे सगळे शालेय शिक्षण या समजाखाली दबून गेले. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी माध्यमात शिकले आणि माझ्या वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचे नाव असलेला डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तो नोकरीला लागल्यानंतर.

'दुर्मिळ' हा शब्द पाहा. पहिली वेलांटी म-च्या आधी काढायची, पण उच्चारायची म-नंतर. रफार म-च्या डोक्यावर द्यायचा, पण उच्चारायचा म-च्या आधी. बहुतेक मुलांच्या अंगवळणी ही उलटापालट इतकी पडते की पुढे ती त्यांना जाणवतही नाही. मला मात्र ती प्रत्येक ओळीत नव्याने सोडवावी लागे आणि ती सुटेपर्यंत वाक्याची सुरुवात मनातून निसटलेली असे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांचा गोंधळ पाहून घरच्यांनी माझे डोळे तपासून घेतले; डोळे उत्तम होते. डिस्लेक्सियाचे मूळ दृष्टीत नसते. शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याचे काम मेंदूकडून सहजपणे होत नाही, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते, आणि बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नसतो.

मराठीच्या तासाला बाई ओळीने एकेकीला उभे करून धडा वाचायला लावत. माझ्या पुढच्या मुली मोजून मी माझ्या वाट्याला येणारा परिच्छेद शोधून ठेवत असे आणि पाळी येईपर्यंत तो मनातल्या मनात घोकत असे. मधल्याच एखाद्या मुलीला बाईंनी वगळले की दुसराच परिच्छेद वाट्याला येई, आणि मग वर्गात हसू पिकत असे. संध्याकाळी आई तेच धडे मला वाचून दाखवायची. कानावर पडलेले माझ्या चांगले लक्षात राही, कविता तर चालीवर तोंडपाठ होत, त्यामुळे तोंडी परीक्षेत मी पुढे असे. पण याच गोष्टीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले, असे मला आज वाटते. तोंडी सगळे येते, मग लिहिताना काय होते, असा प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे: आळस. बोलणे आणि लिहिणे यांतल्या ज्या तफावतीवरून शंका यायला हवी होती, तीच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरली.

महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांसाठी १९९६ पासूनच सवलती दिल्या होत्या: परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी दुसरा विषय. मी दहावीला बसले ती त्यानंतर काही वर्षांनी, आणि आमच्या शाळेत कोणालाही याची गंधवार्ता नव्हती. सवलतीसाठी तपासणी लागते, तपासणीसाठी मोठ्या शहरातले रुग्णालय गाठावे लागते, आणि तिथे जायचे तर आधी कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते. आमचे घोडे त्या पहिल्याच पायरीवर अडले होते.

पुढे २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली, डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी आली. तिच्यात मराठीचाही समावेश आहे. मराठीतून वाचायला शिकणाऱ्या मुलाला मराठीतूनच तपासणे ही किती साधी गोष्ट, पण तिच्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) स्पष्ट समावेश झाला, याचेही मोल मला मोठे वाटते.

माझ्या भाच्याची अडचण दुसरीतच लक्षात आली, कारण त्याच्या बाईंना ती ओळखता आली. उद्या वर्गात जो उतारा वाचायचा आहे तो त्या त्याला आदल्या दिवशीच खूण करून देतात, आणि घरी आम्ही तो त्याच्याबरोबर टाळ्या वाजवत, एकेक अक्षर सुटे करत वाचतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांनी, चाचणी किंवा प्रमाणपत्र हाती येण्याची वाट न पाहता, निदान एवढे तरी आजपासून सुरू करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.