कूर्चेखालचे हाड

सांध्यातील कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक आवरणात) रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला पडलेला खड्डा स्वतःहून नीट भरून येत नाही. एकदा खराब झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. स्वीडनमधील डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चापेशी काढून, त्या प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा खड्ड्यात सोडल्या आणि पहिल्या २३ रुग्णांचा अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला.

मला यातली खरी गंमत पेशींच्या स्वभावात दिसते. सपाट बशीत वाढवलेली कूर्चापेशी हळूहळू आपली ओळख विसरते, गोलाकार सोडून लांबट होते आणि कूर्चेला साजेशा दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनऐवजी (ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाऐवजी) पहिल्या प्रकारचे बनवू लागते. तिलाच मऊ जेलमध्ये चहूबाजूंनी आधार दिला, की ती बऱ्याच अंशी मूळ वळणावर येते. (माणसांबद्दल असे खात्रीने सांगता येणार नाही.)

इजा कूर्चेखालच्या हाडापर्यंत गेली असेल, तर खड्डा भरण्याचे काम दुहेरी होते. खाली रक्तवाहिन्यांना वाट देणारा, खनिजयुक्त, कठीण थर हवा, तर वर पाणी धरून ठेवणारा लवचीक थर. माझ्या मते दोन्ही थर स्वतंत्रपणे तयार करण्यापेक्षा, चालताना पडणाऱ्या भाराखाली ते एकमेकांपासून सुटणार नाहीत असा त्यांचा जोड साधणे अधिक अवघड आहे.