फर्स्ट इयरला चाललाय? मग विचारायला लाजू नका

परवा भाचीचं अ‍ॅडमिशन झालं. बीएस्सी फर्स्ट इयर. भाऊ तिला घेऊन गारगोटीकडनं पहाटेच्या एसटीनं आला, कॉलेजातलं काम उरकून दोघं दुपारी माझ्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत जेवायला आले आणि पोरगी जेवताना एकदम गप्प. घरात हीच पोरगी बोलून बोलून जीव खाते, आणि इथं काय विचारलं की "होय आत्ती", "नको आत्ती", एवढंच. भाऊ म्हणाला प्रवासानं दमलीय. मला दिसत होतं की दमलेली नाही, घाबरलीय. २०११ साली मी पण गावाकडनं अशीच आले होते, बीएस्सीलाच, एक पत्र्याची ट्रंक, वर गुंडाळलेली वाकळ, आणि तोंडाला कुलूप.

ते दोघं गेल्यावर तिला चार गोष्टी लिहून पाठवाव्यात म्हणून बसले, मग वाटलं तिच्यासारखी कितीतरी पोरं ह्या महिन्यात राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगडकडनं कोल्हापुरात उतरणार, तर सगळ्यांसाठीच लिहावं.

मला सांगायचंय ते एवढंच की विचारा. लाज वाटली तरी विचारा. माझं फर्स्ट इयर अर्धं वाया गेलं ते डोकं नव्हतं म्हणून नाही, तोंड उघडलं नाही म्हणून.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचं सांगते. टायट्रेशन असतं, ब्युरेटमधलं द्रावण थेंबथेंब खाली फ्लास्कमध्ये सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. गावाकडं आम्हाला सहा-सात जणांत मिळून एक ब्युरेट असायची आणि ती कायम पुढच्या पोरांच्या हातात, त्यामुळं बारावी झाली तरी मी स्वतः रीडिंग कधी घेतलंच नव्हतं. इथं प्रत्येकाला वेगळी. आता नळीत द्रावणाची पातळी काय सरळ दिसत नाही, मध्ये खोलगट बाक येतो, तर आकडा त्या बाकाच्या वरच्या कडेचा घ्यायचा का तळाचा हेच मला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीला विचारावं तर ती शहरातली, फाडफाड इंग्लिश बोलणारी, हसली तर काय घ्या. सरांना विचारावं तर एवढं पण येत नाही आणि सायन्सला आली म्हणतील. मग मी कधी वरचा आकडा घ्यायची कधी खालचा, तीन रीडिंग एकसारखी कधी यायचीच नाहीत, शेवटी त्या मुलीच्या वहीतनं आकडे उतरवायचे आणि घरी यायचं. दिवाळीपर्यंत हेच चाललं.

लॅबमध्ये सामान मांडणारे जे शिपाई मामा होते त्यांच्या ते लक्षात आलं. एक दिवस सगळी गेल्यावर मला थांबवलं आणि म्हणाले, "बाळ, डोळं पाण्याच्या लेवलला आण आधी. पाण्यागत द्रावण असलं की तळाचा आकडा घ्यायचा. आणि ह्यो जांभळा परमँगनेट असला की वरचा, कारण त्याच्यातनं तळ दिसतच नाही." दोन मिनिटं पण लागली नाहीत. मी खोलीवर येऊन रडले, कारण चार महिने गेले होते. आणि पुढं मैत्री झाल्यावर कळलं की शेजारच्या त्या मुलीला पण परमँगनेटचं माहीत नव्हतं, ती पण कुणाला विचारत नव्हती!

म्हणून पहिल्या महिन्यातच विचारायला सुरुवात करा. वर्गात हात वर करायचं धाडस होत नसेल तर लेक्चर संपल्यावर दारात गाठा, स्टाफरूमला जा, एकटीला जमत नसेल तर दोघी मिळून जा. प्रश्न इंग्लिशमध्ये विचारायला पाहिजे असं काही नाही, मराठीत विचारा, सर मराठीतच सांगतात. आणि "काहीच कळलं नाही" असं सांगू नका, त्यानं समोरच्याला कुठनं सुरुवात करायची ते कळत नाही, "ह्या ओळीपर्यंत आलं, पुढं तुटलं" असं वही दाखवून सांगा. इंग्लिश पुस्तकाचा तर मला इतका धसका होता की पहिलं युनिट मी नुसतं पाठ केलं. नंतर वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला लागले, रोज आठ-दहा, शेजारी मराठीत अर्थ, आणि शास्त्राच्या पुस्तकात तेच ते शब्द फिरून फिरून येतात हे दोनेक महिन्यांत ध्यानात आलं.

आता ऑफिसचं. ह्याचा तर मला आजपण राग येतो, स्वतःचाच. बोर्डावर नोटीस लागली होती की ईबीसी सवलतीचे फॉर्म अमुक तारखेपर्यंत भरावेत. ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या पोरांना फीत सवलत, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. खिडकीवर रांग होती, आतले क्लार्क मोठ्यानं बोलत होते, मी दोनदा रांगेत उभी राहिले आणि दोन्ही वेळा नंबर यायच्या आधी निघून आले. तारीख गेली. त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसाच्या बिलातनं बाजूला काढलेले पैसे पूर्ण फीला गेले, ते पैसे गोठ्याच्या छपराला ठेवले होते. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पावसाळ्यात गोठा गळायचा तेव्हा मला बघवत नव्हतं.

तुमच्या वेळी हे सगळं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर आहे, पण ऑनलाइन आहे म्हणून सोपं आहे असं समजू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, लागत असेल तिथं जातीची व्हॅलिडिटी (पडताळणीचा दाखला), हे काढायला वेळ जातो, गावाकडं असतानाच सेतू केंद्रात अर्ज टाका. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरानं अक्षर जुळतंय का बघा. आणि बँकेत जाऊन हे विचारा की माझं आधार कुठल्या खात्याला सीडिंग झालंय, म्हणजे जोडलंय, कारण पैसे त्याच खात्यात येतात, खाती दोन असली की पोरं भलत्याच पासबुकात बघत बसतात. फॉर्म भरला की काम संपत नाही, मध्येमध्ये लॉगिन करून बघा, त्रुटी निघाली की अर्ज परत तुमच्याकडं येतो आणि तिथंच पडून राहतो. मुलींनो, इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक कोर्सला असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्याचं ऑफिसात स्पष्ट विचारा. एसटीच्या पासला पण विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे, कॉलेजकडनं फॉर्मवर सही-शिक्का घेतला की झालं.

नवीन शैक्षणिक धोरणाचे विषय भाचीनं मला दाखवले, मेजर, मायनर, ओई, आयकेएस, व्हीएससी, मला पण दोनदा वाचावं लागलं. मेजर तुमचा मुख्य विषय, मायनर जोडीचा, ओई म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा काहीतरी, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा, व्हीएससी म्हणजे कामाचं कौशल्य शिकवणारा. थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास शिकवणं धरलेलं असतं, म्हणजे दोन क्रेडिटचा विषय तीसेक तासांचा, छोटा वाटला तरी तो पास व्हायलाच लागतो, "दोनच क्रेडिट" म्हणून सोडू नका. मैत्रीण घेतीय म्हणून मायनर घेऊ नका, पुढं काय करता येतं ते मेजरच्या सरांना विचारून घ्या. एबीसीचा, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, आयडी डिजिलॉकरवरनं पहिल्याच महिन्यात काढून ठेवा. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असलं तर जरूर घ्या, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. माझ्या आयुष्यातल्या दोन सगळ्यात जवळच्या मैत्रिणी त्या शिबिरात भाकरी थापताना मिळाल्या.

भाची जाताना दारात हळूच म्हणाली, "आत्ती, इथली पोरं लै पुढची वाटत्यात गं." तिला मी दसरा चौकाचं सांगितलं. हे शहर बाहेरनं शिकायला येणाऱ्या पोरांसाठी राजर्षी शाहू महाराजांनी मुद्दाम उभं केलंय. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाची पोरं, एकेका समाजाची वसतिगृहं होत गेली, कारण खेड्यातलं पोरगं शिकायचं तर त्याला आधी इथं राहायला जागा आणि जेवायला ताट पाहिजे हे महाराजांना दिसत होतं. केएमटीत बसून दसरा चौकातनं जाताना ती बोर्डिंगं बघा. तुम्ही इथं पाहुणे नाही. शंभर वर्षांहून जास्त झाली, खेड्यातली पोरं इथं येऊन शिकतायत.

राहण्याचं थोडक्यात सांगते. कॉट बेसिसवर खोली घेताना डिपॉझिट परत कधी आणि किती मिळणार ते आधीच विचारा, पाणी किती वाजता येतं ते विचारा. खानावळ लावायच्या आधी चार दिवस जेवून बघा. रोज बाहेर मिसळ खाऊ नका, पैसे आणि पोट दोन्ही जातं (महिन्यातनं एकदा मात्र खाच, कट दोनदा मागून घ्या). पहिले दोन महिने घरची लै आठवण येते. मी दर शनिवारी गावाकडं जायला इथलं संभाजीनगर एसटी स्टँड गाठायची आणि सोमवारी सकाळची लेक्चर बुडवायची. जावा घरी, पण एक आड एक आठवडा जावा, नाहीतर इथं माणसं जोडली जात नाहीत. जे रोज गावाकडनं येऊन जाऊन करतात त्यांनी जुलै-ऑगस्टचं पुराच्या पाण्याचं धरून चाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की पंचगंगेची इशारा पातळी, ४३ ला धोका, आणि त्या सुमाराला गगनबावडा, पन्हाळा बाजूचे रस्ते बंद पडायला लागतात. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. रस्ता बंद व्हायच्या आधी क्लास टीचरना सांगून ठेवा, नोट्स कोण पाठवणार ते ठरवून ठेवा, हजेरीचा प्रश्न येतो तेव्हा आधी सांगितलेलं कामाला येतं.

रॅगिंग कुणी केलं तर ते सहन करायचं नसतं, १८००-१८०-५५२२ हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे, फोनमध्ये सेव्ह करा. आणि मन अगदीच लागेना, झोप येईना, नको नको वाटायला लागलं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण चालू असतो. घरच्यांना काय वाटेल म्हणून आतल्या आत ठेवू नका. अण्णांना मी ते फीचं तीन वर्षांनी सांगितलं की मी रांगेतनं परत आले होते म्हणून. ते म्हणाले, "मग मला सांगायचंस की, मी आलो असतो रांगेत उभा राहायला."

ह्या रविवारी भाची सामान घेऊन येतीय. सोमवारी संध्याकाळी तिला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जायचं ठरवलंय, १८५० पासूनचं वाचनालय आहे, कॉलेजची लायब्ररी आहेच पण हे कार्ड तिच्याकडं असावं असं मला वाटतं. मगाशी तिचा मेसेज आला, आत्ती, सभासद व्हायला काय काय लागतं? मी लिहिलं, मी बाहेर चपलांपाशी थांबते, तू आत जाऊन विचारून ये.