इराणवरचे निर्बंध आणि तिघांनी साधलेली तारीख

निर्यातीची कागदपत्रं निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहणं हे माझं काम. २८ ऑगस्ट २०२५ ला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने इराण २०१५ चा अणुकरार पाळत नसल्याची तक्रार करणारं पत्र संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला दिलं, ते प्रकरण अजून डोक्यात घोळतंय.

मुंबईत दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू होतं आणि ऑफिसात एकच सूर होता: रशिया-चीन नकाराधिकार वापरतील, काही होत नाही. या कामात मुरलेल्या माणसांनीही त्या कराराला मान्यता देणाऱ्या, परिषदेच्या ठराव २२३१ चा अकरावा परिच्छेद वाचलेला नसावा, याचा मला राग आला. तक्रारीनंतरच्या ३० दिवसांत मत मागितलं जातं ते निर्बंधांतून दिलेली सवलत चालू ठेवायची का, यावर. तो ठराव पडला की क्रमांक १६९६ ते १९२९ यांमधले इराणविरुद्धचे जुने सहा ठराव आपोआप परत लागू. इथे नकाराधिकार कामी येतो तो निर्बंध हवे असणाऱ्यालाच. १९ सप्टेंबरला तर त्याची गरजही पडली नाही: बाजूने ४, विरोधात ९, तटस्थ २.

तारीखही अचूक साधलेली. २२३१ ची मुदत १८ ऑक्टोबरला संपणार होती आणि ऑक्टोबरात परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे जाणार होतं. ३० दिवस त्याआधीच भरले. अमेरिकेने २०२० मध्ये हाच प्रयत्न केला, तेव्हा ती २०१८ लाच अणुकरारातून बाहेर पडलेली असल्याने याच तिघांनी तो मानला नव्हता. करारात टिकून राहिल्यामुळेच या वेळी तिघांच्या सहीला वजन आलं.

याद्यांच्या बाबतीत मात्र हा मेळ दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आपल्या वेळेनुसार रविवारी, २८ सप्टेंबरला पहाटे साडेपाचला लागू झाले. युरोपीय संघाची घोषणा सोमवारी. एकच फारसी नाव वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या स्पेलिंगने येतं, त्यामुळे नावाने शोधून भागत नाही. जहाज असेल तर मी आधी त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकतो. नाव बदलतं, झेंडा बदलतो, क्रमांक तोच राहतो. हे नवीन मुलांना दर वेळी सांगावं लागतं.

बासमतीवाले फोन करून विचारतात, माल पाठवू का? तांदळावर बंदी नाहीच. त्याचे पैसे कोणती बँक हाताळायला तयार होईल, हे आधी विचारा, असं मी सांगतो.