पिशवी काढली, पण वरचं टोक कशाला बांधलं?

अंग बाहेर येतंय म्हटलं की घरात सगळ्यांचं एकच मत पडतं: गर्भाशयाची पिशवी काढून टाका. पण दोष पिशवीचा नसतो. तिला वर धरणारे बंध सैल पडलेले असतात आणि ती काढली तरी ते सैलच राहतात. मग काही वर्षांनी योनीमार्गाचं वरचं टोकच उलटून खाली येऊ शकतं. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे जरूर विचारा: टोक कशाला बांधणार?

गर्भाशयामागचे युटेरोसॅक्रल बंध त्या टोकाला शिवून घेणं, एवढं तरी व्हायलाच हवं. टाका जरा बाहेरच्या बाजूला गेला की मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, ओढली जाते. म्हणून शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्हीकडून लघवी येतेय ना, ते बघून घ्यावं. बंध अगदीच विरलेले असतील तर कुल्ल्याच्या आतल्या बाजूच्या मजबूत सॅक्रोस्पायनस बंधाचा आधार घेतात. तिथे टाका इस्कियल स्पाइनपासून (कटीच्या हाडाच्या आतल्या टोकापासून) सुमारे 2 सेंटीमीटर आत, मध्याकडे घ्यायचा, कारण त्या हाडाच्या टोकामागूनच प्युडेंडल नस (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या जातात. नंतर कुल्ल्यात दुखतं, ते बहुधा काही आठवड्यांत थांबतं. शुद्धीवर येताच पायापर्यंत तीव्र कळ जात असेल, तर मात्र थांबू नये. टाका लगेच काढावा लागतो.

पिशवी ठेवायची असेल तर मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ पुरंदरे आणि शिरोडकर यांच्या पद्धती आजही वापरात आहेत. पुरंदरेंच्या पद्धतीत गर्भाशयमुखाला पुढून टेप लावून ती पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाला बांधतात. काम सोपं, पण पिशवी पुढे ओढली जाऊन मागची खोबण उघडी पडते आणि तिथून आतडं उतरू शकतं. ती खोबण त्याच वेळी बंद करायला हवी. शिरोडकरांची टेप मागे त्रिकास्थीकडे (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाकडे) जाते. ही दिशा नैसर्गिक, पण हात सरावलेला लागतो.

बाहेर येणाऱ्या अंगाला आधार म्हणून योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल 2019 मध्ये थांबवायला लावली. पोटातून बसवायची जाळी वेगळी, तिला ही बंदी लागू नाही.

बाहेर आलेल्या भागावर जखम असेल तर आधी अंग आत सारून अ‍ॅक्रिफ्लेविन-ग्लिसरीनचा (जंतुनाशक औषधाचा) बोळा ठेवून ती भरून आणावी. अंग आत धरून खोकायलाही सांगावं. तेव्हा लघवी गळली, तर ऑपरेशननंतरही गळण्याची शक्यता असते, आणि हे बाईला आधीच सांगायला हवं. ऑपरेशननंतरचे निदान सहा आठवडे पाण्याची कळशी दुसऱ्या कुणीतरी उचलायची, हेही घरच्यांना समोर बसवूनच सांगावं.