काळ्या मातीतला कर्ब मोजायचा कसा?

मराठवाड्यातल्या गावांत आता कार्बन क्रेडिटची, म्हणजे शेतीतून मातीत कर्ब (कार्बन) साठवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राची, चर्चा पोहोचली आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठीच्या स्वैच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली आणि त्यानंतर या विषयाची विचारणा आणखी वाढली. मी माती परीक्षणाच्या कामात असल्यामुळे शेतकरी आपले मृदा आरोग्य कार्ड घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, कार्डावर कर्ब ०.४२ लिहिलाय, याचे क्रेडिट किती होतील?" प्रश्न रास्त आहे, पण त्या आकड्यावरून उत्तर काढता येत नाही. ते का काढता येत नाही, हे क्रेडिटचा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याला कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कार्डावरचा आकडा खताची मात्रा ठरवण्यासाठी असतो. त्यासाठी वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती घेतात आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब शेकडा किती आहे ते पाहतात. क्रेडिटसाठी मात्र हेक्टरी किती टन कर्ब आहे हे लागते, आणि तेही किमान ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत. टक्क्यांवरून टनांवर जायचे तर मातीची घनता मोजावीच लागते. ठरावीक आकारमानाची पोलादी नळी जमिनीत ठोकून, आतली माती न सांडता बाहेर काढून, ती भट्टीत वाळवून तिचे वजन करावे लागते. कर्बाची टक्केवारी, घनता आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. कार्डावरचे ०.४२ खालपर्यंत तेवढेच आहे असे समजले आणि घनता १.३ (दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम) धरली, तर ३० सेंटिमीटरमध्ये १६.४ टन कर्ब निघतो, घनता १.५ धरली तर तोच आकडा १८.९ टनांवर जातो. कर्ब कणभरही न वाढता अडीच टनांचा फरक पडतो.

अडीच टनांचा हा फरक किती मोठा आहे, हे हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या प्रयोगावरून समजते. तिथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. एकीकडे रुंद वरंबा-सरी, ज्वारी-तुरीचे आंतरपीक आणि संतुलित खत. दुसरीकडे पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून रब्बीचे पीक घेण्याची जुनी रीत. चोवीस वर्षांनंतर सुधारित पद्धतीच्या जमिनीत, सुमारे चार फूट खोलीपर्यंत, हेक्टरी ७ टनांच्या आसपास कर्ब जास्त आढळला. म्हणजे वर्षाला साधारण ०.३ टन. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक टन कार्बन डायऑक्साइडला एक क्रेडिट, या हिशेबाने हेक्टरी वर्षाला एका क्रेडिटहून थोडे अधिक, एकरी अर्ध्याहूनही कमी. कर्ब वाढतो, हे या प्रयोगाने निःसंशय दाखवले. पण आपल्या उष्ण, कोरडवाहू हवामानात, जिथे सेंद्रिय पदार्थ भराभर कुजून जातात, तो किती सावकाश वाढतो हेही दाखवले.

आता ही वाढ प्रयोगशाळेच्या टेबलावर कशी दिसते ते पाहा. सेंद्रिय कर्ब मोजण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी वॉकले-ब्लॅक पद्धत १९३४ सालची आहे. एक ग्रॅम मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटच्या अनुमापनाने, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या नळीतून ते द्रावण थेंबथेंब सोडून, मोजतात. निळसर-जांभळा रंग जाऊन हिरवा आला की थांबायचे. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब सापडतो असे गृहीत धरून उत्तराला १.३ ने गुणतात. पाच वर्षांत हेक्टरी दीड टन कर्ब वाढला आणि तो सगळा वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये राहिला असे मानले, तरी टक्केवारी फक्त ०.०४ ने वाढते. ब्युरेटवर हा फरक सुमारे ०.२ मिलिलिटरचा, म्हणजे चार थेंबांचा. पाच वर्षांचे कष्ट चार थेंबांत मोजायचे असतील, तर एका नमुन्यावर विसंबता येणार नाही. मातीचा पोत, खोली आणि उतार यांनुसार शेताचे भाग पाडून, प्रत्येक भागातून पुरेसे नमुने घेऊन, त्यांच्या जागा जीपीएसवर नोंदवूनच तो फरक खरा की मोजण्यातली चूक हे सांगता येते.

काळी जमीन या कामात आणखी अडचणी उभ्या करते. मे महिन्यात ती आक्रसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि ढेकळे दगडासारखी होतात. पावसानंतर तीच फुगते. पहिला नमुना उन्हाळ्यात आणि दुसरा खरिपानंतर घेतला, तर दोन्ही वेळा ३० सेंटिमीटरच खणूनही मातीचे वजन सारखे भरत नाही. नांगरणी बंद केल्यावरही असेच होते. वरचा थर दबून घट्ट होतो आणि त्याच खोलीत जास्त माती, म्हणून जास्त कर्ब दिसतो. शिवाय विनानांगरणीत कर्ब वरच्या थरात साठतो आणि खालच्या थरात कधी कधी घटतो, त्यामुळे १५ सेंटिमीटरवर थांबणारे मोजमाप फसवे ठरते. यावर उपाय आहे: सारख्या खोलीऐवजी मातीच्या सारख्या वजनाची तुलना करायची. कोणत्याही प्रकल्पाने हे केले आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न चुनखडीचा. आपल्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतही कर्ब असतो, पण तो पिकाने हवेतून आणून मातीत घातलेला सेंद्रिय कर्ब नव्हे. वॉकले-ब्लॅक पद्धत तो मोजत नाही. माती जाळून कर्ब मोजणारी आधुनिक यंत्रे अधिक अचूक आहेत, परंतु नमुन्यातली चुनखडी आधी आम्लाने काढली नाही किंवा वेगळी मोजून वजा केली नाही, तर ही यंत्रे चुनखडीचाही कर्ब धरतात. पहिले मोजमाप एका पद्धतीने आणि पाच वर्षांनी दुसऱ्या पद्धतीने झाले, तर कागदावर भरघोस वाढ दिसेल आणि शेतात काहीच झालेले नसेल.

न्यायाचा मुद्दाही मला अस्वस्थ करतो. ज्याने वर्षानुवर्षे शेणखत घातले, ताग-धैंचा गाडला, पाचट जाळले नाही, त्याचा कर्ब आधीच वाढलेला असतो. क्रेडिट मात्र करारानंतरच्या वाढीलाच मिळते. दुसऱ्याच्या गोठ्यातले शेणखत विकत आणून घातले, तर कर्ब बहुतांशी एका शेतातून दुसऱ्या शेतात गेला, हवेतून तेवढा कमी झाला नाही. आणि बटईने कसणाऱ्याने कर्ब वाढवला, तर पैसे कोणाचे, हे करारात स्पष्ट लिहिलेले असायला हवे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्रासारखी विनानांगरणी शेती करणाऱ्यांना मी सांगते की मशागतीचा वाचलेला खर्च आणि टिकलेली ओल हा तुमचा पहिला लाभ. क्रेडिट मिळाले तर वरकड.

तरीही मोजमाप व्हावे, असेच माझे मत आहे, कारण ते नीट झाले तर मातीच्या आरोग्याची अशी नोंद तयार होईल जी आज आपल्याकडे गावपातळीवर नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात १८४३ साली सुरू झालेल्या प्रयोगांचे मातीचे जुने नमुने जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे नवी पद्धत आली की जुनी माती पुन्हा तपासता येते. आपल्याकडच्या प्रकल्पांनीही पहिल्या नमुन्याचा वाळवलेला भाग सीलबंद ठेवावा आणि त्याचा एक वाटा, घनता, खोली, महिना, पद्धत व जीपीएसच्या नोंदीसह, शेतकऱ्याच्या ताब्यात द्यावा. कंपनी बदलली, प्रयोगशाळा बदलली, तरी तो नमुना दुसरीकडे तपासून घेण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा.