पुण्यातले पाच दिवस आणि पाठ नसलेली खुर्ची

सांगलीहून पुण्याला आसनं शिकायला जाते म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "इथे काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. अकरा वर्षं मी रोज पहाटे पाऊण तास आसनं करते, आधी बागेतल्या वर्गात आणि नंतर घरीच. तीच बारा आसनं, तोच क्रम, आणि तरीही दर दोन-तीन महिन्यांनी धरणारी तीच कंबर. शाळेत दिवसभर फळ्यापुढे उभं राहणं आहेच, पण आसनं करूनही कंबर का धरते, याचं उत्तर कोणी देत नव्हतं. मैत्रिणीची बहीण पुण्यात आयंगार पद्धतीच्या, म्हणजे विटा, पट्टे, खुर्च्यांचा आधार घेऊन आसनं शिकवणाऱ्या वर्गाला जाते. तिथे शिकवणाऱ्या ताईंनी जानेवारीत पाच दिवसांची कार्यशाळा ठेवली होती, विषय कंबर आणि उभ्याने करायची आसनं. मी आणि माझी जाऊ, दोघींनी नावं घातली.

अर्ज भरताना ताईंनी रक्तदाब, डोळ्यांचा पडदा, काचबिंदू, मानेचा त्रास, जुनी शस्त्रक्रिया, सगळं विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "लग्न ठरवतायत की काय!" पण त्यांचा रक्तदाब वाढलेला असतो हे ताईंना आधीच कळलं, त्यामुळे डोकं खाली असलेल्या आसनांच्या वेळी त्यांना पहिल्या दिवसापासून वेगळं काम मिळालं. तुम्ही जाणार असाल तर यातलं काही लपवू नका. अर्जात विचारलं नसेल तर आपण होऊन सांगा. पाळीच्या दिवसांचंही तसंच. या पद्धतीत त्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन करत नाहीत, लोडाच्या आधाराची आडवी आसनं देतात. आमच्या गटातली एक मुलगी संकोचून गप्प राहिली आणि मग वर्गाच्या मध्यावर तिला सांगावंच लागलं.

प्रवासाचं थोडक्यात. मिरजेहून सकाळची कोयना एक्स्प्रेस धरली, दुपारी पुणे. स्टेशनाला लागूनच मेट्रो आहे. वनाजच्या दिशेची गाडी सरळ डेक्कनला नेते, रिक्षावाल्याशी घासाघीस करायला नको. खोली वर्गापासून चालत जाता येईल अशीच घ्या, कारण पहाटे साडेसहाला वर्ग असला की पाच किलोमीटरही लांब वाटतात. आमची खोली स्वस्त होती आणि पलंगाची गादी मध्ये खचलेली होती. कंबरेच्या कार्यशाळेला येऊन दुसऱ्या रात्रीपासून आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून झोपलो. खोली ठरवताना फोटोतला पडदा बघू नका, गादी कशी आहे ते विचारा. आणि दिवस निवडताना पंचांग उघडा. गणपतीचे दहा दिवस आणि आषाढवारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्तेही मिळत नाहीत आणि खोल्याही. जानेवारी चांगला, फक्त पहाटे फरशी बर्फ असते. शवासनासाठी पायमोजे आणि अंगावर घ्यायला शाल न्या.

पहिल्या सकाळी पतंजलीची प्रार्थना झाली, "योगेन चित्तस्य पदेन वाचां". मला पाठ नव्हती, नुसते ओठ हलवले. मग ताईंनी फक्त उभं राहायला सांगितलं. ताडासन. बारा मिनिटं! माझं वजन उजव्या टाचेवर जास्त पडतं, डावा गुडघा किंचित आत वळतो, हे अकरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. ताईंना ते दिसलं कारण त्यांनी सगळ्यांना सलवारी, पँटी गुडघ्याच्या वर दुमडायला लावल्या होत्या. या पद्धतीच्या जुन्या विद्यार्थ्यांत मांडीला इलॅस्टिक असलेल्या आखूड चड्डीची प्रथा आहे, ती यासाठीच. आपल्याला संकोच वाटतो हे मान्य, पण निदान गुडघ्याचा आकार दिसेल अशी अंगाबरोबर बसणारी लेगिंग न्या. घोळदार पंजाबी ड्रेस घरीच राहू दे.

त्यानंतर साधनं निघाली. माझा समज असा होता की विटा, पट्टे, खुर्च्या हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, म्हाताऱ्यांसाठी. त्रिकोणासनात माझा हात घोट्याला लागतो, याचा मला अभिमानही होता. ताईंनी माझ्या हाताखाली लाकडी वीट उभी ठेवली आणि म्हणाल्या, "आता छाती वळवा." छाती वळली. म्हणजे इतकी वर्षं मी हात खाली नेण्यासाठी पाठ गोल करत होते आणि त्यालाच आसन म्हणत होते. साताऱ्याहून आलेले एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा शेजारी होते. ते मिश्कील हसून म्हणाले, "माझाही काल असाच पडदा उघडला." ते एक दिवस आधी येऊन वर्गाचा अंदाज घेऊन गेले होते. हेही करण्यासारखं आहे.

कंबरेचं कोडं तिसऱ्या दिवशी सुटलं, तेही झोपून. सुप्त पादांगुष्ठासन: पाठीवर झोपायचं, एका पायाचा तळवा भिंतीला टेकवायचा, दुसऱ्या पायाच्या तळव्यात पट्टा अडकवून पाय सरळ वर न्यायचा. माझा डावा पाय नव्वद अंशांच्या बराच अलीकडे थांबला आणि गुडघा वाकला. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की पुढे वाकताना ओटीपोटाचं हाड जागचं हलत नाही, आणि ती कसर कणा कंबरेत वाकून भरून काढतो. मी रोज निष्ठेने पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं) करत होते आणि रोज कंबरेलाच ताणत होते. ताईंनी पश्चिमोत्तानासन तूर्त बंद करायला सांगितलं. त्याजागी पट्ट्याचं हे आसन, खुर्चीवर बसून भरद्वाजासन, म्हणजे कणा बाजूला वळवणं, आणि दोरांवरचं अधोमुख श्वानासन, म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर.

दोरांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरी आल्यावर सगळ्यांनी त्याचेच फोटो मागितले. भिंतीत खाली दोन कड्या, त्यांत अडकवलेला दोर मांड्यांच्या सुरुवातीला पुढून येतो आणि तुम्ही पुढे जाऊन वाकता. दोर ओटीपोट मागे धरून ठेवतो, हातांवरचा भार हलका होतो आणि कणा आपसूक लांब होतो. दोन मिनिटं त्यात राहिल्यावर कंबरेत जी मोकळीक आली, ती शब्दांत नीट सांगता येत नाही. मात्र हे बघून घरी कड्या ठोकायला घेऊ नका. चार इंची आडभिंत अंगाच्या ओढीला भरवशाची नाही. पक्की विटांची किंवा काँक्रीटची भिंत आणि अँकर फास्टनर हवेत, तेही जाणकार माणसाकडून बसवलेले. मी बसवले नाहीत. दाराच्या कडीला दोर बांधण्याचा उद्योग तर मुळीच नको.

चौथ्या दिवशी माझा स्वतःचा मूर्खपणा. पुण्याला आलोय म्हणून दुपारी दोन वाजता मिसळ, वर तर्री, वर ताक. साडेचारला वर्ग आणि त्यात सर्वांगासन. पुढचं लिहीत नाही. जेवणानंतर चार तास जाऊ द्यावेत हे मला माहीत होतं, माहीत असून खाल्लं. मिसळ कार्यशाळा संपल्यावर खा.

सर्वांगासनाची तयारी मात्र सांगण्यासारखी आहे. जाड सुती चादरींच्या चार घड्या एकावर एक, दुमडलेली सलग कड मानेच्या बाजूला. खांदे घडीवर, डोकं खाली जमिनीवर. त्यामुळे मान चेपत नाही, घसा मोकळा राहतो. कोपर फाकू नयेत म्हणून कोपरांच्या थोडं वर, खांद्यांच्या रुंदीएवढा पट्टा. मी अकरा वर्षं सपाट जमिनीवर, हनुवटी छातीत रुतवून करत होते.

रोज दुपारी अडीच-तीन तास मोकळे मिळत. तेव्हा आम्ही डेक्कनपासून मॉडेल कॉलनीपर्यंत पायी फिरलो. बेळ्ळूरचे बी. के. एस. आयंगार १९३७ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्यात आले, ते डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. मराठी येत नव्हतं, आणि अंगात लहानपणीच्या मलेरिया, टायफॉइड, क्षयाने आलेला अशक्तपणा. ते पुण्याचेच झाले, २० ऑगस्ट २०१४ ला इथेच गेले. आपल्या आणि विद्यार्थ्यांच्या आखडलेल्या शरीरांशी झगडताना त्यांनी विटा, दगड, भिंत, घरातलं फर्निचर वापरून पाहिलं आणि त्यातूनच आज जगभर दिसणारी ही साधनं आली. हे वाचलेलं होतं. पण जिमखान्याच्या समोर उभं राहून, सकाळी आपल्या हाताखाली ठेवलेली वीट आठवताना ते वेगळंच वाटलं. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था पत्नी रमामणी यांच्या नावाने आहे. १९७३ च्या जानेवारीत भूमिपूजन झालं आणि काही दिवसांतच रमामणी गेल्या. वास्तू १९७५ मध्ये उभी राहिली. आम्ही ती रस्त्यावरूनच पाहिली. तिथे शिकायचं असेल तर "पुण्यात आलोच आहे, चार दिवस बसतो" असं होत नाही. बाहेरून येणाऱ्यांना या पद्धतीचा काही वर्षांचा सराव लागतो आणि बराच आधी अर्ज करावा लागतो. तोवर आपल्या गावाजवळचा प्रशिक्षित शिक्षक शोधणं बरं.

सहाव्या दिवशी जाऊबाई परतल्या आणि मी शिवाजीनगरहून लोकलने लोणावळ्याला कैवल्यधाम बघायला गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेली ही संस्था. त्याआधी ते आपल्या खानदेशात अमळनेरला शिक्षक होते. उड्डियान (पोट आत-वर ओढणं) आणि नौलीच्या (पोटाचे स्नायू फिरवणं) वेळी पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं, तेही शंभर वर्षांपूर्वी. इथला सूर वेगळा आहे. प्राणायाम, शुद्धिक्रिया, सावकाश केलेली आसनं, सात्त्विक जेवण. पुण्यातल्या पाच दिवसांनंतर मला ते जरा फारच शांत वाटलं, पण ज्यांना आसनांपेक्षा श्वासाचं शिकायचंय किंवा आठवडाभर राहून पथ्यासकट सगळं करायचंय, त्यांनी आधी आरक्षण करून इकडेच जावं. दोन्ही एकाच सहलीत कोंबू नका. मी कोंबलं आणि लोणावळ्याचं धड काही पदरात पडलं नाही.

आता खरेदी. जाण्याआधी काहीही घेऊ नका. मी नवशिक्या उत्साहाने ऑनलाइन एक बोल्स्टर मागवला होता, आत स्पंज. छातीखाली घेतला की पापडासारखा बसतो. ताईंनी तो दोन बोटांनी दाबला आणि परत माझ्याकडे दिला, बोलल्या काहीच नाहीत. बोल्स्टर म्हणजे आपला लोड. गादीवाल्याकडे जा, दोन फूट लांब, नऊ इंच जाड, कापूस ठासून भरायला सांगा, वर काढता येणारी खोळ. गादीवाला म्हणेल, "ताई, इतका कडक कशाला?" कडकच हवा. चादरींसाठी सोलापुरी उत्तम, घडी टणक राहते. पट्टा म्हणजे सात-आठ फूट नवार, टोकाला बॅगवाल्याकडून बक्कल शिवून घ्यायची. ओढणी चालते, पण ताणली जाते आणि गाठ सुटते. विटा सुताराकडून, नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, हलकं लाकूड, कडा घासून गोल केलेल्या. खरीखुरी वीट फडक्यात गुंडाळूनही काम होतं, फक्त लाल भुकटी सांडते. सुती दोर मी रविवार पेठेत बोहरी आळीत घेतला, भिंतीत कड्या नसताना का घेतला ते विचारू नका.

वही न्याच, पण वर्गात उघडू नका. आमच्या ताईंना वर्गात लिहिणं आणि मोबाइल दोन्ही चालत नव्हतं. रात्री खोलीवर बसून, काड्यांची माणसं काढून क्रम लिहायचा. झोपण्याआधी लिहिला नाही तर सकाळी निम्मा विसरतो. पाच दिवसांत आम्ही बरीच आसनं केली. घरी येऊन मी त्यातली चारच धरली, आणि दोन महिने तीच करतेय. डावा पाय आता नव्वदच्या जरा जवळ आलाय. कंबर या काळात एकदाच धरली, तीही पाहुण्यांसाठी गाद्या उचलताना.

खुर्चीची गोष्ट राहिली. घडीची लोखंडी खुर्ची, पण टेकायची पाटी काढलेली, नुसती चौकट. त्या पोकळीतून पाय घालून उलटं बसता येतं, मागे झुकता येतं. मी भंगारवाल्याकडून मंगल कार्यालयातली जुनी खुर्ची मिळवली आणि वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने दोनदा विचारलं, "पाटी बसवायची ना?" म्हटलं, काढायची. तो मालकाला बोलावून आला. मालकाने खुर्ची सगळीकडून फिरवून पाहिली, "मग टेकणार कशाला?" शेवटी त्यांनी काढून दिली, कडा घासून दिल्या, पण पैसे घेताना दोघंही माझ्याकडे काळजीने बघत होते. तुम्ही करून घेतलीत तर पायांना रबरी टोपणं बसवा आणि खाली मॅट टाका, फरशीवर ती सरकते. आणि वापर झाल्यावर घडी घालून कपाटामागे ठेवा. आमच्याकडे ती बैठकीत राहिली, आणि गेल्या रविवारी चहाचा कप हातात घेऊन मामा आरामात मागे टेकले. मामा वाचले, कप नाही.