तात्यांच्या टॉवेलातलं भात

येळ्ळूरहून सीपीएड मैदान काही लांब नाही. वडगाव, शहापूर ओलांडलं की आलंच बेळगाव. खरं तात्यांना गाडीवर मागं बसवून न्यायचं म्हणजे त्याचा प्रवास होतो. शिवारात मसूर फुलावर होता, आणि कुणाचा कसा आलाय ते बघायला दर दोन बांधांमागं "हळू घे की जरा" चालूच.

शेती अवजारांचं प्रदर्शन दहाला उघडणार होतं, आम्ही साडेनऊलाच फाटकावर. पाट्या कन्नडमध्ये, स्टॉलवरची पोरं हिंदी बोलणारी, गर्दीतली निम्मी माणसं आमच्यासारखी मराठी. अडलं मात्र कुणाचंच नाही. रोटर, पलटी, कल्टिवेटर हे शब्द सगळीकडं तेच.

सगळ्यात जास्त गर्दी ड्रोनभोवती. दहा लिटरची टाकी, एकराची फवारणी आठ-दहा मिनिटांत. आमची जमीन एकूण बावीस गुंठे, तीही तीन तुकड्यांत. ड्रोन वर चढेपर्यंत आमचं शेत संपायचं. भात लावणीच्या यंत्राकडं तर तात्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. आमच्याकडं धूळवाफ पेरणी. पावसाआधी कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पाभरीनं, बी पेरायचं, रोपांचा तरवा नाही की लावणी नाही. एक पोरगा मोठ्या ट्रॅक्टरची माहितीपत्रकं वाटत होता. तात्यांनी घेतलं एक, आणि सावलीत बसताना खाली अंथरलं.

अकराच्या सुमारास ते पेरणी यंत्रापाशी थांबले आणि मग हललेच नाहीत. पॉवर टिलरला जोडायचं लहान यंत्र. आमच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याचा बांध मोडतो, आणि बांधावरून काय होतं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. हे मात्र वळलं असतं.

पोरगा दाब, खोली, अनुदान सगळं घडाघडा सांगत होता. तात्यांनी टॉवेलाची गाठ सोडली. आत घरच्या भाताचं बी होतं, मूठ-दीड मूठ, लांब कुसाचं, म्हणजे दाण्याला केसासारखं टोक असलेलं. घरातून निघताना कधी बांधून घेतलं होतं, मला पत्ता नाही.

"हे घाल, आणि चाक फिरव."

पोरानं पेटीत बी ओतलं, हातानं चाक फिरवलं. नळीतून चार दाणे एकदम पडले, मग काहीच नाही, मग सहा. आत तबकडी होती मक्याची, गोल भोकांची. भाताची कुसं एकमेकांत अडकून भोकावर पूल बांधून बसली होती. शेजारी उभे असलेले बैलहोंगलकडचे एक म्हातारे वाकून बघत होते. ते हसून कन्नडमध्ये म्हणाले, "कूरिगे." तात्या म्हणाले, "कुरीच." पुढची दहा मिनिटं दोघं कुरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाटीवर, मूठ कशी सैल सोडायची ते एकमेकांना हातानंच दाखवत होते.

ह्याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं होतं. पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, असं सांगतात. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. मला वाटतं, त्या शेतकऱ्यांना आपण उगीच अडाणी ठरवतो. तात्यांना यंत्राचा राग नाहीच. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी माझं बी पाडून दाखव.

पोरगा खरंच चांगला होता. "ह्याला खाचांचा रोलर लागेल, तबकडी नाही," म्हणाला आणि बी नमुन्याला ठेवून घेऊ का, असं विचारलं. तात्यांनी अर्धं दिलं. सतरंजीवर सांडलेलं वेचून परत गाठीत बांधलं.

दुपारी गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, आणि मिरची खाल्ली. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राचा स्टॉल होता, तिथं उतारा, आधार, पासबुक, शेतकरी नोंदणीचा एफआयडी नंबर ही अनुदानाची नेहमीची यादी लिहून घेतली.

निघताना तात्या पुन्हा त्या पोराकडं गेले.

"रोलर झाला की फोन कर. खरं रोहिणीच्या आधी, हं."

त्यानं वहीत आमचा नंबर लिहिला, आणि पेन तसंच धरून मला हळूच विचारलं, "रोहिणी कौन?"